बेडकांच्या मुळावर कोण?

"येत्या तीस वर्षांत आपल्या तलावातला एकही बेडूक शासनाच्या नजरेतून सुटता कामा नये!" पर्यावरण संशोधन कार्यालयाच्या संचालकांनी सकाळी साडेदहाला गर्जना केली आणि योजना उचलायला टेबलाकडे हात नेला. हाताला टेबल लागलं. योजना नव्हती.

बेचाळीस पानांची, तीस वर्षांच्या संशोधनाची योजना! चार वाजता सचिव मंजुरीला येणार होते. आज हुकलं, तर तलाव बुजवून वाहनतळ करायचा प्रस्ताव टपूनच बसला होता. मजकूर संगणकात होता, पण सात शास्त्रज्ञांच्या सह्या संगणकात नव्हत्या, आणि ते सातही जण सात पाणवठ्यांवर पांगले होते.

संचालकांना सगळं लख्ख दिसलं. ही वाहनतळवाल्यांची चाल! आणि घरभेदी इथलाच कुणीतरी.

"बाई," त्यांनी उपसंचालिकांना बोलावलं, "रोज सव्वापाचला जाता. काल साडेपाच का वाजले?"

"चप्पल तुटली होती, साहेब."

"अस्सं. नेमकी कालच." त्यांनी हाताशी आलेल्या कागदावर टिपलं : एक, उपसंचालिका. चप्पल संशयास्पद.

डोकं शांत करायला ते चहाला गेले. उपाहारगृहाच्या दारावर 'दूध नासलं आहे' अशी पाटी लटकत होती. वाऱ्याने ती उलटली. मागे छापलं होतं : 'पान १७. बेडकांची गणना'. दोन, चहावाला! परत येतात तो टेबलावर भांडारपालाचा रजेचा अर्ज, आणि त्याच्या पाठीवर पान ९. गडी सकाळच्या गाडीने गावालाही पसार! तीन.

"मामा, दार लावा," ते शिपाईमामांना कुजबुजले. "योजना पानापानाने बाहेर चाललीय. धागेदोरे पार वरपर्यंत आहेत." आणि त्यांनी चौथं नाव लिहिलं : सचिव.

मामांनी सावकाश दार लावलं. "साहेब, ज्याच्यावर लिहिताय, तो कागद जरा उलटा करा की."

पान ३१.

"मला अडकवतायत, मामा!"

"कोण कशाला अडकवतंय? काल जाताना तुम्हीच गठ्ठा कोऱ्या पाठीच्या खोक्यात टाकलात. मी म्हटलं, साहेब, हा नवा दिसतोय. तर म्हणालात, मामा, मला पर्यावरण शिकवू नका."

खोकंही संचालकांचंच. झाडं वाचवायला त्यांनी फर्मान काढलं होतं की आधी जुन्या कागदाची मागची बाजू वापरायची. नवे कागद कपाटात आणि किल्ली भांडारपालाच्या कमरेला.

मग पळापळ झाली. बाईंनी तुटक्या चपलेनिशी चारही मजले पालथे घातले आणि चारला पाच कमी असताना बेचाळिसावं पान आणून आदळलं. "चप्पल अजून संशयास्पद आहे का हो?" त्यांनी विचारलं. यादी त्यांनी वाचली होती.

सचिव आले. त्यांनी प्रत्येक पान पुढून वाचलं, मग मागून. एकतिसाव्याच्या मागे बराच वेळ रेंगाळले.

"मी चौथा?"

"क्रम... ज्येष्ठतेनुसार नाही, साहेब," संचालक कसेबसे म्हणाले.

सचिवांनी चष्मा पुसला. तलाव खिडकीतून दिसत होता. "योजना चांगली आहे. मंजूर. आत्ताच आदेश लिहून देतो, कारण उद्यापासून मी दुसऱ्या खात्यात." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि हात पुढे केला.

"तेवढा दोन्ही बाजूंनी कोरा असलेला एक कागद द्या बरं."