मामाजी आले तरी उठायचं नाही

महाल मोहल्ल्यातल्या शालिकराम मुकादमाने त्या सकाळी एवढंच ठरवलं, की चष्मा कोणाला मागायचा नाही, आपला आपण उठून आणायचा. (म्हाताऱ्याने असे विचार करू नयेत. बसल्या जागी ओरडावं.) चष्मा होता आतल्या खोलीत, अन् तिथं त्याची सून मयुरा कॉम्प्युटरपुढे बसून कळमेश्वरच्या कारखान्यातल्या साहेबांशी मीटिंग करत होती.

शालिकराम दारात खाकरला. मयुरा ताडकन उठली, ओढणी डोक्यावर घेतली अन् मान खाली घालून उभी राहिली. "ठेकेदाराने भाव उतरवल्याशिवाय आपण..." हे तिचं वाक्य अर्ध्यातच लटकलं. साहेबांना पडद्यावर नुसतं तिचं पोट दिसत होतं.

"झालं," मीटिंग आटोपल्यावर मयुरा म्हणाली. "मॅनेजरची जागा गेली समजा. शुक्रवारी ठरवून राहिले ते. म्हणतात, मॅडम हुशार आहेत, पण ठाम नाहीत. बोलता बोलता उठतात, सॉरी म्हणतात, मान खाली घालतात."

"हे कोणं शिकवलं तुले?"

मयुरा ओढणी सारखी करू लागली. रंभाबाई, म्हणजे शालिकरामची बायको, गप्प बसणारी नव्हती. "तुमीच. नवी असताना पोरीनं पाणी देताना वर पाहिलं, तं हप्ताभर फुगून होते."

(बायकांना नेमकं नको ते आठवतं.)

शालिकराम पेटला. शाळा त्याने चौथीत सोडली, पण इतवारी बाजारातले हमाल जन्मभर नुसत्या डोळ्यावर हलवले होते. "मी शिकवतो. मी आत येतो, तू उठाचं नाही. ओढणीले हात नाही. माह्या डोळ्यात पाहाचं अन् एकदाच बोलाचं."

तो आत आला. ती उठली. तो पुन्हा आला. ती बसून राहिली, पण सॉरी म्हणाली.

"सॉरी काहून? माही म्हैस मारली का तू?"

मग मात्र मयुरा खुर्चीला पाठ टेकून बसली, सरळ त्याच्याकडे पाहिलं अन् शांतपणे म्हणाली, "मामाजी, बाहेर थांबा. माझं झालं की बोलावते."

शालिकराम आल्या पावली वळला. तो बाहेर जाऊन उभा राहिला. बराच वेळ.

"जेवता का?" रंभाबाईने विचारलं.

"तिनं अजून बोलावलं कुठं?"

शुक्रवारी मीटिंग सुरू झाली. त्याला कोणी जा म्हटलं नव्हतं, पण मास्तराला राहवतं का? त्याने दार ढकललं. मयुरा बोलतच होती. बोलणं न तोडता तिने एक हात वर केला. शालिकराम जागीच खिळला. हात आपोआप जोडले गेले, मान खाली गेली.

"दार लावून घ्या," ती म्हणाली.

"हो जी," म्हणत तो पाठ न दाखवता मागे मागे सरकला अन् दार लावलं.

जागा मयुरालाच मिळाली. शालिकरामने गल्लीभर सांगितलं, पोरगी आपल्या हातची तयार झाली म्हणून. घरी येऊन मिशीवर हात फिरवत त्याने विचारलं, "मले पाह्यलं असंन साहेबानं. काय म्हणे?"

मयुरा जरा अडखळली. "म्हणाले, मॅडम, तुमचा शिपाई वयस्कर आहे, पण वळणाचा आहे. इकडे ऑफिसात घेऊन या."

"घेऊनच जाय वं," रंभाबाई चुलीपासून म्हणाली, "घरी तं यायनं कधी कोणाचं ऐकलं नाही."