शेवटी कोण चालणार?

राज्याची थोरवी किल्ल्यांवरून ठरत नाही. रानात शिरलेला मुसाफिर सलामत बाहेर येतो की नाही, यावरून ठरते. निजामाच्या अखेरच्या वर्षांत इस्लापूरच्या सरकारी सागवानी रानातली पाऊलवाट या कसोटीला शंभर टक्के उतरली होती. (वाघ पाहिलेला माणूस एकही नव्हता. वाघ पाहिलेल्याचा चुलता मात्र गावोगाव भेटे.)

जंगलखात्याच्या अमीनसाहेबांनी वाटेच्या तोंडाशी फळा लावला होता. मुसाफिरांनी एकामागे एक चालावे. वाट सोडू नये. पहिल्याने बोलत राहावे. शेवटच्याने मागे बघत राहावे, कारण वाघ शेवटचाच उचलतो. हे शेवटचे कलम रयतेला इतके पटले की शेवटी चालायला कोणी मिळेना.

त्या दिवशी बसवंताच्या भाचीचे इस्लापुरात गोरज मुहूर्तावर लग्न होते. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आणि मामा रानाच्या अलीकडे. सोबत मी, गुणाबाई आणि आमच्या हिफाजतीला सरकारी चौकीदार मन्मथ.

"मन्मथ, बंदूक तुझ्याकडं हाय. तू मागं चाल," गुणाबाई म्हणाली.

"बंदूक सरकारी हाय, मावशी. वाघानं नेली तर जवाब कोन देईल?"

"अन् मला नेलं तर?"

"तुम्ही खासगी."

अमीनसाहेब चौकीवरच होते. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि तोडगा काढला: पहिल्याने शेवटच्याच्या मागे चालावे, म्हणजे शेवटचा कोणी उरतच नाही. हुकूम तो हुकूम. आम्ही मोहाच्या एका झाडाभोवती चालू लागलो. इतका सुरक्षित प्रवास मी जन्मात केला नाही. रांग मोडली नाही, वाट चुकली नाही, वाघ फिरकला नाही. फक्त इस्लापूर जवळ येईना. (ही बारीक उणीव पुढच्या मोसमात दूर करण्याचे साहेबांनी कबूल केले.)

ऊन उतरले. रानापलीकडून वाजंत्री ऐकू आली, तसा बसवंत थांबला.

"मरू द्या तिकडं! मी चालतो मागं. पोरीच्या पाठीशी कोन उभं ऱ्हाईल?"

त्याच्या त्यागाने आमचे डोळे भरून आले आणि पाय मोकळे झाले. बसवंत फळ्यावरचे कलम पाळत, मागे बघत, सबंध रान उलटा चालला. मुहूर्त गाठला. मामा भाचीच्या पाठीशी उभा राहिला. सवयीने तोंड मात्र मांडवाच्या दाराकडे.

"मामा," नवरी अंतरपाटाआडून पुटपुटली, "वाघाला आवतन न्हाई दिलं. इकडं बघा."

चारही मुसाफिर नियमांमुळेच बचावले, असे साहेबांनी वर कळवले.

हा किस्सा ऐकून लोक आम्हा भित्र्यांना हसतात. तुम्हीही हसलात. बरे वाटले, धीट माणसे हल्ली दुर्मीळ झाली आहेत. रान अजून तिथेच आहे, आणि मला उद्या त्याच वाटेने इस्लापूरला जायचे आहे.

जरा माझ्या मागून चालता का?