पाद्री बाल्तेजार यांची स्वारी आणि मुकी घंटा

श्री. जो दर्यास भरती देतो आणि न मागता ओहोटीही देतो, त्यास नमन असो. शके सोळाशे सत्त्याऐंशी, पार्थिव नाम संवत्सरी, किनाऱ्यासमोरील एका बेटाचे राज्यात जे घडले, ते तिखटमीठ न लावता येथे लिहिले आहे. बेटावर मीठ मुबलक, परंतु ते सगळे मासळीस लागते.

त्या राज्यास राजा नव्हता, पाद्री बाल्तेजार होते. प्रजा म्हणजे कोळीवाडा, फौज म्हणजे इगर्जीच्या, म्हणजे पाद्र्यांच्या देवळाच्या, आवारातील कोंबड्या, आणि नौबत म्हणजे इगर्जीची घंटा. बेटावर वार कोणी मोजीत नसे. कोळी तिथी जाणत, कारण दर्याही तिथीच जाणतो: पुनवेस आणि अवसेस उधाण, मग पाण्यास ओढ, आणि मग डोल जाळ्यात बोंबील. रविवार तेवढा घंटेने होई. घंटा झाली की रविवार, मग कोणी होडी लोटीत नसे, ऐसा वाडवडिलांपासोन रिवाज. आणि पाद्रीबाबांस ही घंटा प्राणाहून प्यारी, कारण त्या मुलखात जो घंटा वाजवील त्याची इगर्जी, ऐसा पाद्रीलोकांत कायदा; आणि खाडीपलीकडील ख्रिस्ती मठाचे साधू या इगर्जीवर टपून बसलेले.

त्या साली पास्कू पाटलाने नवे गलबत बांधिले. सारा कोळीवाडा त्यावर जेवू लागला आणि पाद्रीबाबांचे मन त्यावर गेले. धर्मकार्यास मुख्य भूमीवर स्वारी न्यावी म्हणोन त्यांनी ते मागितले. पास्कू बोलिला, "पाद्रीबाबा, पुनवेचं उधाण सरू द्या, मग चंद्रावर नेतो." पाद्रीबाबांस उधाणापुढे थांबणे अपमानाचे वाटले. मग त्यांनी ऐसी मसलत केली की, हे गलबत मागणे नाही, घेणे. आणि मागे कोणी घंटा वाजवून इगर्जी बळकावू नये म्हणोन स्वहस्ते शिडीवर चढोन घंटेचा लोलक काढिला, रेशमी वस्त्रात गुंडाळिला, पेटीत ठेविला, आणि सुक्या मासळीच्या पडावात बसोन स्वारी निघाली. पेटी उचलिता नाखवा कण्हला. "बाबा, आत काय वो? लोकांची पापं?" "धर्मग्रंथ," पाद्रीबाबा बोलिले आणि लागलेच पडावाच्या काठावर वाकोन दर्यास नैवेद्य देते जाहले. तो नैवेद्य किनारा येईतो चालू होता.

मुख्य भूमीवर बिस्पसाहेब, म्हणजे समस्त पाद्र्यांचे वडील, त्यांची सभा भरली. आधी कोणाची छत्री कोणाहून उंच, यात पावसाळ्याचे शेपूट आणि अर्धा हिवाळा गेला. मग पाद्रीबाबांनी अर्ज केला की, माझ्या बेटावर रविवारी मासे धरितात, तरी ऐसे गलबत इगर्जीत जमा व्हावे. सभेस संताप आला. भर रविवारी, ताजा सरंगा तोंडात असता, सर्वांनी धिक्कार केला. तो सरंगा कोणत्या वारी जाळ्यात आला, हे पुसणे कोणास सुचले नाही. पुढे वाद पडला की रविवार लागतो केव्हा. कोणी म्हणे सूर्यास्ती, कोणी म्हणे मध्यरात्री, कोणी म्हणे कोंबडा आरवता. तेव्हा पाद्री बाल्तेजार उठोन नम्रपणे बोलिले, "घंटा होईल तेव्हा." मनात हे की, घंटा माझी, दोर माझा, पास्कू जाळ्यावर गेला की मी दोर ओढीन. सभेस तोड पसंत पडली. हुकूम लिहिला: घंटेउपरांत जे गलबत पाण्यावर दिसेल ते जप्त, निम्मे इगर्जीचे, निम्मे बिस्पसाहेबांचे. निम्मे ऐसे ठरताच बिस्पसाहेबांस ते बेट स्वतः पाहण्याची भक्ती उपजली.

मग फाल्गुनी पुनवेस, रविवारी, मुख्य भूमीवरील घंटा ऐकोन, बिस्पसाहेबांच्या रंगीत गलबतातून उभयतां बेटास आले. समोर पास्कू जाळे ओढोन गलबत बोंबलांनी भरून परत येत होता. पाद्रीबाबा हर्षाने ओरडले, "पाहावे साहेब! भर रविवारी!" धक्क्यावर हुकूम वाचिला. पास्कूचा हात सुकाणूवरून सुटेना. त्याची आई कातरीनबाय पाटी खाली ठेवोन पुढे आली.

"आज रविवार हाय? कोण बोलतो?"

"मी बोलतो," पाद्रीबाबा म्हणाले.

"तुम्ही बोलून कवा झाला? घंटा बोलली की होतो. तुम्ही गेल्यापासून आमच्याकडं एक रविवार नाय आला. आम्ही वाट बघून दमलो वो."

बायका पदर तोंडास लावोन हसल्या. बिस्पसाहेब म्हणाले, "ओढा दोर." पाद्रीबाबांनी जीव खाऊन दोर ओढिला, घंटा डुलली, आवाज नाही. "लोलक कोठे?" तेव्हा पाद्रीबाबांची नजर पेटीकडे गेली आणि साऱ्या बेटाची नजर पाद्रीबाबांकडे. पेटी उघडिली. नाखवा म्हणाला, "धर्मग्रंथ जड हाय खरा."

तरीही पाद्रीबाबा हटेनात. "साहेब, वार तो वारच! घंटा तुमच्याकडे झालीच होती!"

कातरीनबाय शांतपणे म्हणाली, "झाली व्हय? मग हे रंगीत गलबत पाण्यावर कसं?"

सर्वांनी वळोन पाहिले. बिस्पसाहेबांचे गलबत लाटांवर डुलत होते, आणि हुकुमावर शिक्का त्यांचाच होता. बिस्पसाहेबांनी आकाशाकडे पाहिले, मग गलबताकडे पाहिले, आणि शास्त्रार्थ सांगितला की, घंटा म्हणजे ज्या पाण्यावर गलबत, त्या बेटाची घंटा. ती झाली नाही. सबब आज रविवार नाही. आणि जे रविवार बुडाले, त्यांचे प्रायश्चित्त ज्याने लोलक नेला त्यास. मग दोन टोपल्या बोंबील चढवून ते तातडीने निघाले, न जाणो पाद्री लोलक पुन्हा बसवील.

येणेप्रमाणे साहेबांचे गलबत वाचले, म्हणोन पास्कूचेही वाचले. गरिबाचा न्याय मोठ्याच्या नावेत बसोन आला. पाद्री बाल्तेजार पुढे कोठे जाऊ इच्छीत नसत. परंतु दरसाल उधाण आले की कोळीवाडा धक्क्यावर जमे, पास्कू आपले गलबत फुलांनी सजवोन उभे करी, आणि कातरीनबाय प्रेमाने म्हणे, "बाबा, जरा फिरून या की. पेटी आम्ही भरून ठेविलीय."