घरचा काटा

वजनमापांच्या ऑफिसातल्या निरीक्षकसाहेबांनी बारीक व्हायचं ठरवलं ते तब्येतीसाठी नव्हे, अब्रूसाठी. बाजारात काटे तपासताना मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं पोट नुसत्या पगारावर सुटत नाही!" झालं! उभ्या नोकरीत ज्याने कुणा दुकानदाराचा अर्धा कप चहासुद्धा घेतला नाही, त्याच्यावर त्याच्याच पोटाने असा आळ आणावा? (पोट अगदी स्वकष्टाचं होतं. फार तर त्यात बायकोच्या हाताचा वाटा.)

संध्याकाळी घरी जाताना साहेबांनी कोपऱ्यावरच्या, साखरेपासून काट्यापर्यंत सगळं मिळणाऱ्या दुकानातून माणसांचं वजन करायचा काटा घेतला आणि दुसऱ्या दिवशी डाएट सुरू केलं. पहाटे मैदानाला फेऱ्या, ऑफिसात लिफ्ट बंद, ताटात काकडी, गाजर आणि उकडलेला कोबी.

"एवढ्याने भागेल तुमचं?" बायकोने काळजीने विचारलं.

"भागवायचं!" साहेब म्हणाले, आणि काकडी संपवून रीतसर जेवायला बसले.

डाएट जेवणाच्या ऐवजी करायचं असतं, ही बारीकशी गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. बायकोला वाटलं, एवढा सरकारी माणूस, काहीतरी विचार केला असेल.

पहिल्या दिवशी काट्यावर नव्वद किलो. महिन्याने नव्वद. तीन महिने घाम गाळला तरी नव्वदच.

"हा काटा अडकलाय," साहेब म्हणाले.

"अहो, माझं वजन तर बरोबर दाखवतो."

"तुझ्यापुरता बरोबर असेल."

"म्हणजे काटा माणूस बघून बोलतो?"

"काही काटे बोलतात! मला शिकवू नकोस."

नाचता येईना अंगण वाकडं, हे बायकोच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर साहेब चपला घालून दुकानात पोचलेसुद्धा. दुकानदार वयस्कर, पापभीरू गृहस्थ. भर गिऱ्हाइकांत साहेब कडाडले, "तुमचे काटे खोटे आहेत! आजपासून विक्री बंद. तपासणीला ऑफिसात या!"

तपासणीच्या दिवशी दुकानदार आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "साहेब, लोक आता साखरसुद्धा दुसरीकडे तोलून बघतात हो," तो म्हणाला. घरचा काटा पिशवीत घालून बायकोही आली. ऑफिस कामं टाकून भोवती जमलं.

शिपायाने काट्यावर सरकारी लोखंडी वजनं चढवली. काट्याने चोख आकडा दाखवला. साहेबांनी वजनं उतरवली, काटा पुसला, जागा बदलली, पुन्हा चढवली. आकडा तोच!

शिपाई त्यांच्या कानाशी लागला. "साहेब, थोडा फरक आहे म्हणून टाकू का? तुमच्या शब्दाला कोण आव्हान देतंय?"

तेच तर होतं. कुणीच देणार नव्हतं. साहेबांनी दुकानदाराकडे पाहिलं. तो हात जोडून उभा होता. साहेबांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"काटा खरा आहे," ते मोठ्याने म्हणाले. "खोटं मी बोललो." आणि सगळ्यांदेखत ते स्वतः काट्यावर चढले. नव्वद!

"अहो, रागावू नका," बायको हळूच म्हणाली, "पण शेजारीण सांगत होती, काकडी खाल्ल्यावर वर जेवायचं नसतं म्हणून."

"हे आज सांगतेस?"

"मला वाटलं, सरकारी डाएट असंच असेल."

त्याच संध्याकाळी साहेबांनी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर माफी मागितली. दुकानदाराने डोळे पुसले आणि चहा पुढे केला. साहेबांनी तो घेतला नाही, पण तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण पुढच्या आठवड्यात धान्याच्या गोदामातला मोठा काटा तपासायचा होता, आणि शिपाई वजनांची एक पेटी ऑफिसातच विसरला. व्यापारी खोळंबले. शिपायाने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, तुम्हीच चढा की."

"शुद्धीवर आहेस का? हे नियमात बसत नाही!"

"नियम काय म्हणतो? तपासणीचं वजन कशानेही बदलता कामा नये. तुम्ही तीन महिने पळालात, कोबी खाल्लात, जिने चढलात. तसूभर फरक पडला? असं पक्कं वजन सरकारजवळ दुसरं नाही!"

साहेबांनी बराच विचार केला, पण मुद्दा खोडता येईना. शेवटी ते बूट काढून गोण्यांच्या जागी उभे राहिले. काटा नव्वदवर येऊन थांबला आणि व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब खाली उतरतात तो शिपाई हातोडी आणि ठसा घेऊन हजर.

"काटा पास झाला ना? मग मार शिक्का," साहेब म्हणाले.

"काट्यावर मारला, साहेब. पण नव्या वजनावरही मारावा लागतो ना? आता तुम्हीच सांगा, कुठे मारू?"