जाळीवर शून्य मासे

"चार वर्षं रोज शून्य?" पाहणीला आलेल्या राजेश्वरी मॅडमनी रजिस्टर मिटलं. "अहो नंदकुमार, खाडीत मासेच नाहीत का?"

खाडीकाठच्या वीज केंद्रात नंदकुमार पर्यावरण अधिकारी. यंत्रं थंड ठेवायला खाडीचं पाणी आत ओढलं जातं आणि त्या तोंडाशी जाळी असते. जाळीला अडकलेले मासे मोजून जिवंत परत सोडायचे, असा नियम. नंदकुमार रोज दहा वाजता स्वतः जाळी बघायचे. ती लख्ख असायची, म्हणून शून्य लिहायचे. इतका प्रामाणिक माणूस, आणि निवृत्ती दोन महिन्यांवर!

"मासे नसतील तर तुमच्या गरम पाण्यानं मेले. असतील तर रजिस्टर खोटं. काहीही असो, अडकणार तुम्हीच."

"आहेत हो मॅडम, भरपूर आहेत! तासाभरात दाखवतो."

झालं! साहेब धावले फोनकडे. शेजारच्या दिवाळे गावात मासळी विकणाऱ्या दुर्गाबाईंकडून ते दर रविवारी बोय मासे घेत. तसली ताजी बोय अख्ख्या बेलापुरात मिळत नाही.

"दुर्गाबाई, चार जिवंत बोय घेऊन या. माझ्या पेन्शनचा प्रश्न आहे."

दुर्गाबाई रिक्षानं बादली घेऊन हजर झाल्या. मॅडम खूश. "खाडीतलेच ना हे?"

"हितलंच हाय, जाळीवरचं! तुमचा पोपट रोज सकाली टोपली आनून देतो ना."

जाळी साफ करणाऱ्या पोपटला बोलावलं. तो बिनधास्त म्हणाला, "साहेब, तुमीच बोल्लेला, दहाला येतो, जाळी चकाचक पायजे. मासे सोडले तर परत येऊन अडकतात. मग देतो या मावशीला. टेन्शनच नाय."

नंदकुमारांना आत्ता कळलं. चार वर्षं ते पुरावा तळून खात होते! मॅडमनी पेन उघडलं.

तेवढ्यात दुर्गाबाईंनी त्यांना नीट निरखलं. "अगं बाय! दर बुधवारी अंड्यांनी भरलेली, गाबोळीवाली बोय नेता, त्या ताई ना तुमी?"

पेन थांबलं. "ती... तीपण जाळीवरची?"

"मंग! दुसरीला तुमी हात तरी लावता का?"

 मग मॅडमनी लिहिलं, 'जाळीवर मासे आढळतात. उद्यापासून मोजून खाडीत सोडावेत.' पेन्शन वाचली.

रविवारी नंदकुमार पिशवी घेऊन दिवाळ्याला गेले, तर मॅडम आधीच उभ्या. दुर्गाबाईंची टोपली पालथी.

"आज काय नाय," त्या म्हणाल्या. "पोपटनं एकशे बारा मोजले नी सोडले. कायदा हाय ना!"

दोघं एकमेकांकडे न बघता समोरच्या दुकानात शिरले आणि अर्धा अर्धा डझन अंडी घेऊन घरी गेले.