पुंजाजी गाणं ठेवायला देतो

पहिल्याच भेटीत पुंजाजीने मला एक गाणं दिलं आणि वर बजावलं, "सांभाळून ठेवजा बाबूजी. आता हे माह्याजवळ नाई."

मला वाटलं, गडी थट्टा करतोय. चार दिवसांनी मी त्याला तेच गाणं म्हणायला सांगितलं, तर हा माझ्याकडे टकामका बघत राहिला.

"म्या तं तुमाले देलं ना? मंग माह्याजवळ कसं राहीन?"

"अहो, पण गाणं तुमचंच ना!"

"माह्यं होतं," तो म्हणाला आणि बिडी शोधायला लागला.

अमरावतीत तो आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. कापसाच्या जिनात यंत्रांना तेल घालायचं काम. दिवाळीला हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत माणसाला दम नसे. हातात तेलाची कुपी असायचीच. तिच्यावर बोटं वाजवत तो गाणी रचायचा. लिहिता येत नव्हतं असं नाही, सही तर मोठी झोकात करायचा. पण गाणं कागदावर ठेवणं त्याला मंजूर नव्हतं. मी कचेरीत नकला करणारा माणूस. सवयीने एकदा टाक उचलला, तर केवढा भडकला! "कागदाले काई समजते का? माणसाजवळ ठेवा. माणूस गाणं म्हणत राह्यला, तं थे जितं राह्यते."

तर गाणं झालं की पुंजाजी माणूस शोधायचा. जिनाबाहेर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, ही लांब रांग लागलेली असे. त्यातला एखादा गाडीवान हेरायचा, त्याला समोर बसवायचा आणि पाठ होईपर्यंत उठू द्यायचा नाही. बिचाऱ्याचा नंबर येऊन जायचा, मागचे शिव्या घालायचे, पण पुंजाजी आपला "फिरून म्हणा" करत बसलेला. अशी त्याची गाणी सगळ्या वऱ्हाडात विखुरली होती. एक अकोल्याच्या चहावाल्याकडे, एक बार्शीटाकळीच्या गाडीवानाकडे, एक चिखलदऱ्याला ट्रक नेणाऱ्या करीमभाईकडे. माझ्या वाट्याला जिनाच्या भोंग्याचं आलं होतं:

भोंगा म्हणे, ये रे गड्या,
पाय म्हणती, थांब थोडा.

कचेरीला उशीर झाला की मी ते गुणगुणत जायचो. एकदा साहेबांनी ऐकलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

एक गाणं मात्र भातकुलीला होतं, आणि त्याचा विषय निघाला की पुंजाजी बिडी शोधायला लागायचा. ते कौतिकाबाईजवळ होतं. कौतिकाबाई म्हणजे त्याची बायको. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला ती माहेरी गेली. माहेरी गेलेल्या बायकोला भाऊबीज झाली की नवऱ्याने घ्यायला जायचं, ही आपल्याकडची रीत. तिने चार दिवस पिशवी भरून ठेवली असेल, आठ दिवस ठेवली असेल. पण इकडे हंगाम लागलेला, बंड्यांची रांग लागलेली. हा एक गाडीवान झाला की जातो, तो एक झाला की जातो, असं करत पुंजाजी भातकुलीला पोचला तो होळी झाल्यावर! सकाळच्या मोटरीने निघालं तर दुपारी घरी येऊन जेवावं एवढंच अंतर. कौतिकाबाई दारातूनच म्हणाली, "आता कोनाले न्याले आले?" आणि आत गेली. त्याला नऊ वर्षं झाली होती. तो पुन्हा गेला नाही, ती आली नाही.

"थे गाणं सगळ्यात चांगलं होतं," तो एकदा म्हणाला.

"एक शब्द तरी आठवतो का?"

"नाई ना. पण तिले देलं तवा दोन रोज जेवण गेलं नोयतं, एवढं याद हाये."

आणि एक दिवस मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस अमरावतीत उतरला. अकोल्याच्या चहावाल्याच्या तोंडून त्याने गाणं ऐकलं होतं. गाणी बांधणाऱ्याची रेकॉर्ड काढायची म्हणे. दोन बाजू, दोन गाणी. आमच्या आळीत पेढे वाटले गेले. पुंजाजीपुढे मात्र पेच पडला, कारण गवयाजवळ एकही गाणं नव्हतं.

भोंग्याचं गाणं त्याने माझ्यापुढे मांडी घालून, शाळेतल्या पोरासारखं डोलत पाठ केलं. मध्येच थांबला. "हे 'थोडा' कुठून आलं? हा शब्द माहा वाटत नाई."

"माझ्याकडून बदलला असेल," मी ओशाळून म्हणालो.

"राहू द्या. बरा हाये."

दुसऱ्या बाजूला कौतिकाबाईचं गाणं घालायचं, यावर तो अडून बसला. दुसरं कुठलंही नको. आम्ही भातकुलीला गेलो. म्हणजे गेलो दोघं, पण हा बुवा मोटर स्टँडवरच्या लिंबाखाली बसला आणि मला पुढे धाडलं. "तुमी शिकेल माणूस. तुमाले नाई म्हननार नाई."

कौतिकाबाई मुलींच्या शाळेत शिपाईण होती. तिने मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"गाणं हाये माह्याजवळ," ती म्हणाली. "पुरं हाये."

"मग द्या ना. सगळा मुलूख ऐकेल."

"सगळ्याइनं आयकलं, मंग माह्यं काय राह्यलं?" तिने कपबशी उचलली. "गाणं न्याले त्यानं माणूस धाडला, बाबूजी. मले न्याले भाऊबीजेले कोनी आलं नोयतं."

मी जन्मभर लोकांचे अर्ज आणि जबाब उतरवले, पण हा जबाब न उतरवताच उठलो. मी उगाच त्याचा निरोप्या होऊन गेलो, याची मला फार लाज वाटली.

लिंबाखाली येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. पुंजाजी बराच वेळ पायाजवळच्या लिंबोळ्या गोळा करत होता. "खरं बोलली," एवढंच म्हणाला.

रेकॉर्ड निघाली. दुसऱ्या बाजूला अकोल्याच्या चहावाल्याचं गाणं घातलं. मुंबईत पुंजाजी म्हणे यंत्रासमोर तोंडच उघडेना. "हे कोनाले देऊ?" शेवटी चहाच्या कपबशा न्यायला आलेल्या नोकराला समोर बसवला, तेव्हा गाडी सुरू झाली. आमच्या चौकातल्या हॉटेलात ती तबकडी लावली तेव्हा लोकांनी हार घातले, टाळ्या पिटल्या. पुंजाजीने दोन्ही बाजू ऐकल्या, आवाज आपल्यासारखाच आहे असं म्हणाला आणि पाळीवर निघून गेला.

त्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ऐन हंगामात, त्याने सुटी मागितली. जिनाचा मुकादम आ वासून बघत राहिला. धुतलेलं धोतर, काखेत नवं लुगडं. दुपारी एकटाच परतला. लुगडं तिकडेच राहिलं होतं.

"काय म्हणाल्या?"

"चहा देला."

पुढच्या वर्षी पुन्हा गेला. त्याच्या पुढच्याही. दरसाल भाऊबीज झाली की मोटर, आणि दुपारी हा एकटा परत. आळीतले हसायचे. मीही आधी हसलो, मग हसणं सुचेना. त्या दिवशी मी कचेरीतून लवकर येऊन ओट्यावर बसायचो, उगाच, त्याच्याबरोबर कोणी येतंय का बघत.

माझ्या अकोल्याच्या बदलीचा हुकूम आला त्या वर्षीही तो गेला. परत आला तो तडक माझ्या ओट्यावर टेकला. दमलेला होता, पण चेहरा वेगळाच.

"एक ओळ देली तिनं."

"कुठली? म्हणा की!"

"नाई बाबूजी. हे कोनाले देत नाई. हे माह्याजवळच ठेवतो."

"आणि बाकीचं गाणं?"

"पुढच्या साली या म्हणे. एक ओळ देईन."

"अहो, पण सगळ्या मिळून ओळी आहेत तरी किती?"

"मले काय मालूम? तिलेच मालूम." तो भातकुलीच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "लय असू दे, बाप्पा."