तक्रार क्रमांक चार

गोपाळकृष्ण आगाशे यांच्या नव्या गाडीत काहीतरी खुळखुळतंय, हे सगळ्यात आधी त्यांच्या बायकोला ऐकू आलं आणि घोळ तिथेच झाला. कारण श्यामलाबाईंना जे ऐकू येतं ते गोपाळकृष्णांच्या कानापर्यंत पोचायला चौतीस वर्षांच्या संसारात सरासरी एक आठवडा लागत आला होता.

"अहो, डावीकडे वळलं की आवाज येतो. खुळखुळ्यासारखा."

"तुझ्या बांगड्या असतील."

"मी बांगड्या घालते का?"

"मग भास आहे. गाडी पंधरा दिवसांची आहे, तिला खुळखुळायचं काय कारण," असं म्हणून त्यांनी रेडिओ मोठा केला.

त्या आवाजाला मान्यता देणं गोपाळकृष्णांना जमण्यासारखंच नव्हतं. ते वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेली, आणि निवृत्तीनंतर तराजू संपल्यामुळे ते दिसेल ते तपासत असत. गाडी घ्यायची ठरली तेव्हा अकरा गाड्यांची माहितीपत्रकं आणून त्यांनी तक्ता केला, शोरूममध्ये डिकीत आडवं होऊन लांबी पडताळली, आणि गच्चीवर सोसायटीच्या सभेत निकाल देऊन टाकला, "डोळे मिटून हीच घ्या." त्यांच्या शब्दावर कर्वेनगरच्या त्या अठरा फ्लॅटांच्या सोसायटीत एकाच दिवशी तीन सारख्या गाड्या आल्या. एक त्यांची, एक दुसऱ्या मजल्यावरच्या नम्रताची, आणि तिसरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या रतन गायकवाडांची. आता गाडी वाईट निघाली म्हणजे आगाशे वाईट निघाले.

आणि तसं व्हावं म्हणून एक माणूस डोळ्यांत तेल घालून बसला होता. सोसायटीचा सेक्रेटरी इंद्रजीत शितोळे. त्याच्या चौदा वर्षं जुन्या गाडीकडे बघून गोपाळकृष्ण भर सभेत म्हणाले होते, "शितोळे, ही गाडी नाही, ही अडगळ आहे. हिला पार्किंगचा नाही, माळ्याचा नंबर द्या."

गाड्या आल्या त्या दिवशीचा थाट काही विचारू नका. निवृत्तीनंतर गोपाळकृष्णांनी सहा महिन्यांचा पौरोहित्याचा वर्ग केला होता आणि त्या विद्येला अजून गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. सोवळं नेसून ते पार्किंगमध्ये उतरले. स्वतःच्या आणि नम्रताच्या गाडीची त्यांनी अशी यथासांग पूजा केली की वॉचमन दोनदा जेवून आला. बॉनेटवर स्वस्तिक, हार, दूर्वा आणि दर मंत्राला अक्षतांची मूठ.

"अहो, चिमूटभर पुरे," श्यामलाबाई म्हणाल्या होत्या.

"देवाच्या कामात हात आखडता घ्यायचा नसतो."

गायकवाडांनाही त्यांनी विचारलं होतं. गायकवाड हसून म्हणाले, "आमच्याकडे पूजा नसते, आगाशेसाहेब. आम्ही पेढे वाटतो." पेढे चांगले होते. गोपाळकृष्णांनी तीन खाल्ले.

आठवड्याने ठरल्याप्रमाणे खुळखुळ त्यांनाही ऐकू आली. ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला सुपरवायझर समाधान हा अत्यंत शांत मनुष्य होता. दिवसभर गाडीवाल्यांचं ऐकून घेणाऱ्या माणसाला दुसरा इलाजही नसतो. त्याने गाडी फिरवली, डॅशबोर्डवर चापट्या मारल्या, चार ठिकाणी फोमच्या पट्ट्या चिकटवल्या.

"काका, नवीन गाडीत होतं असं. प्लास्टिक बसायला वेळ लागतो. होईल सेट."

"हे नव्या सुनेला सांगतात. मला सांगू नका. लिहून घ्या, तक्रार क्रमांक एक."

पट्ट्यांनी आवाज थांबला नाही, आणि दहा दिवसांत गाडीला वास यायला लागला. एसी लावला की यायचा.

"इडलीचं पीठ आंबल्याचा वास आहे हा," श्यामलाबाई नाक वर करून म्हणाल्या. "तांदूळ आंबलाय कुठेतरी."

"गाडी आहे ही, श्यामला. हिच्यात तांदूळ कुठून येणार?"

"ते मला काय माहीत. मी वास सांगितला."

तक्रार क्रमांक दोन. समाधानने एसीत सफाईचा फेस मारला आणि वर लिंबाच्या सुगंधाची डबी भेट दिली. आता गाडीत कोणीतरी इडलीच्या पिठात लिंबू पिळल्यासारखं वाटायला लागलं. त्यानंतरच्या रविवारी सिंहगड रस्त्यावर श्यामलाबाईंनी पाय वर घेतले.

"काय झालं?"

"पाणी आलंय. पायाशी. चप्पल तरंगतीये माझी."

"तरंगत नसेल. ओली झाली असेल."

"तुम्ही या इकडे बसायला, मी चालवते. मग तुम्ही ठरवा तरंगतीये की ओली झालीये."

घरी आले तर जिन्यात नम्रता उभीच होती. ती हिंजवडीत नोकरीला, रोज तीन तास गाडीत, त्यामुळे तिचा पारा कायमच चढलेला असायचा.

"काका, माझ्या कारमध्ये लेफ्ट टर्नला कसलातरी साउंड येतोय. आणि इतका घाण स्मेल येतो ना, की माझी कलीग हल्ली बसने येते. तुम्ही डोळे मिटून घ्या म्हणालात. मी खरंच मिटले."

गोपाळकृष्णांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर शितोळेचा मेसेज आला होता. 'माळ्याचे दोन नंबर शिल्लक आहेत. इच्छुकांनी संपर्क साधावा.' त्याखाली अकरा जण हसले होते. त्या अकरांत नम्रताही होती, हे त्यांना फार लागलं. नोकरीत असताना त्यांचा शब्द म्हणजे शिक्का होता. त्या शिक्क्यावर आता लोक अंगठे दाखवत होते.

उरले गायकवाड. गोपाळकृष्णांनी त्यांची गाडी मागून घेतली आणि एकाच चौकात सहा वेळा डावीकडे वळवली. सहाव्या वेळी चौकातला हवालदार त्यांच्याकडे रोखून बघायला लागला. पण ना आवाज, ना वास, ना पाणी.

"तुमची बॅच वेगळी असणार," ते शेजारी बसलेल्या गायकवाडांना म्हणाले.

"एकाच दिवशी घेतल्या की आपण. नंबरसुद्धा लागोपाठचे आहेत."

"मग तुम्ही काय वेगळं केलंत?"

गायकवाडांनी थोडा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि सभ्यपणे मावळलं. "मी काहीच केलं नाही, आगाशेसाहेब," ते म्हणाले. गोपाळकृष्णांनी ते वहीत जसंच्या तसं टिपून घेतलं आणि त्यावर अजिबात विचार केला नाही.

मग त्यांनी ते पत्र लिहिलं. तक्रार क्रमांक तीन, पाने चार. दोन्ही गाड्या सोसायटीच्या आवारात, रहिवाशांसमक्ष उघडाव्यात. आत जी बाह्य वस्तू सापडेल ती पंचांसमोर तोलावी. आणि सदर वस्तू ज्याच्या हलगर्जीपणामुळे आत गेली त्याने लेखी माफी मागावी, ती सोसायटीच्या फलकावर पंधरा दिवस राहील. शेवटचं कलम वाचून दाखवताना त्यांचा आवाज खात्यात असतानाइतका घुमला. श्यामलाबाई वाल सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "शेवटचं काढा. कोणाचा काय हात असेल सांगता येत नाही." त्यांनी काढलं नाही.

रविवारी दहाला समाधान हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला. सगळी सोसायटी पार्किंगमध्ये उतरली. शितोळेने तर खुर्ची आणली. गोपाळकृष्णांनी आपला पितळी तराजू आणि शिक्क्याची वजनं स्टुलावर मांडली, पंच म्हणून गायकवाड आणि नम्रताला उभं केलं, आणि समाधानला म्हणाले, "उघडा. काही लपवायचं नाही."

समाधानने डाव्या बाजूचा कप्पा काढला, आतला एसीचा पंखा सोडवला आणि हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यावर कुंकवाने लाल झालेले, फुगलेले तांदूळ होते. तीन झेंडूच्या पाकळ्या आणि एक दूर्वाही होती.

समाधानने खाली वाकून पाण्याची नळी काढली. तिच्या तोंडाशी भाताचा गोळा घट्ट बसलेला होता.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "काचेखाली ही जाळी असते ना, बॉनेटच्या वर, तिथून हवा आत येते. पूजेत अक्षता तिथून आत गेल्यात. कोरड्या होत्या तोवर खुळखुळल्या. एसीचं पाणी लागलं तशा आंबल्या. मग नळी तुंबली."

"म्हणजे तिन्ही तक्रारी एकच," शितोळे खुर्चीतून म्हणाला. "आणि कंपनी सोवळ्यात होती."

लोक खो खो हसले. गोपाळकृष्णांचा चेहरा अक्षतांच्या रंगाचा झाला. समाधानला त्यांची दया आली. महिनाभर त्याने त्यांना सोसलं होतं, पण ह्या क्षणी तो माणुसकीला जागला.

"काका, मी उंदीर लिहितो," तो कानाशी पुटपुटला. "आम्ही बऱ्याच जणांना उंदीरच लिहितो. कोणाला वाईट वाटत नाही."

गायकवाडांच्या हातात पंचनाम्याचा कागद होता. त्यांनीही पेनाचं टोपण काढून विचारलं, "काय लिहू, आगाशेसाहेब? वस्तू कशी आत गेली ते कळलं नाही, असंही लिहिता येईल. माझी हरकत नाही."

गोपाळकृष्णांनी उंदराचा विचार केला. खरं सांगायचं तर चांगला अर्धा मिनिट केला. उंदीर सोयीचा होता, गाडीचं नाव राहत होतं आणि त्यांचंही. पण समोर तराजू होता, आणि ह्याच तराजूसमोर 'साहेब, उंदरानं वजन कुरतडलं' असं सांगणाऱ्या एका किराणावाल्याला त्यांनी भर बाजारात सोलून काढलं होतं. त्यांनी पारड्यात तांदूळ घातले.

"बेचाळीस ग्रॅम," ते म्हणाले. "लिहा. अक्षता. टाकणारा, गोपाळकृष्ण आगाशे."

नम्रताच्या गाडीत एकसष्ट ग्रॅम निघाले.

"माझ्यात जास्त का, काका?"

"तू रोज हिंजवडीला जातेस म्हणून," ते खाली बघत म्हणाले, "तुझी जरा मनापासून केली होती."

नम्रताने कागद ओढून घेतला आणि पंच म्हणून सही केली.

संध्याकाळी फलकावर कागद लागला.

'तक्रार क्रमांक चार. तक्रारदार गो. आगाशे, विरुद्ध गो. आगाशे. दोन्ही गाड्या निर्दोष आहेत. गाडी निवडताना चूक झालेली नाही, पूजा करताना झाली. माप सोडल्याबद्दल मी माफी मागतो. ज्यांना हसायचं असेल त्यांनी पंधरा दिवसांत हसून घ्यावं, सोळाव्या दिवशी कागद काढला जाईल. ता. क. चिमूटभर पुरे, असं मला घरातून वेळेवर सांगण्यात आलं होतं. हे वाक्य घरातूनच घालायला लावलं आहे.'

सोळाव्या दिवशी ते कागद काढायला गेले तर तिथे शितोळे उभा. तो बराच वेळ घसा साफ करत राहिला.

"काका, तुमचीच गाडी बुक केलीये मी. म्हणजे तीच. एवढे तांदूळ खाऊनही गाडी चालतीये म्हटल्यावर बाकीच्या बघण्यात अर्थ नव्हता."

गोपाळकृष्णांनी कागदाची घडी घातली, चष्मा सारखा केला. छाती दोन इंच वर आली. "म्हटलंच होतं मी, डोळे मिटून घ्या. पूजा कधी?"

"पूजा कराच तुम्ही. पण किल्लीची. वर आमच्या हॉलमध्ये. गाडी खाली असू दे."

शुक्रवारी शितोळेने पाटावर किल्ली ठेवली. गोपाळकृष्णांनी ती उचलून उजेडात धरली, उलटी केली, तिच्या बटणांच्या कडेने नख फिरवलं. मग ती पाटावर ठेवून त्यांनी अक्षतांची वाटी श्यामलाबाईंच्या हातात दिली.

"हिलाही फटी आहेत," ते म्हणाले. "तू टाक."